छिद्रान्वेषण

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपण शाळेत शिकतो ती ढोंगी माणसासंबंधी. वरून गरीब, आतून कावेबाज, असा अर्थ सांगितला जातो, वाक्यात उपयोग करून घेतला जातो आणि तास संपतो. म्हणीतल्या गोगलगायीकडे कुणी वळूनही पाहत नाही. वास्तविक म्हणीचा उत्तरार्ध हे अगदी चोख निरीक्षण आहे. हा प्राणी पोटावरच चालतो. अंगाखालचा सपाट स्नायू हाच त्याचा पाय. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्युव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने या प्राण्यांना जे वर्गनाम दिले, त्या ‘गॅस्ट्रोपॉड’ शब्दाची ग्रीक फोडही ‘पोट’ आणि ‘पाय’ अशीच होते. निरीक्षण एकच, त्याने त्याचे नाव केले, आपण त्याचा आरोप केला.

वर्णनाचा आरोप कसा होतो, आणि आरोपाच्या नादात काय वाचायचे राहून जाते, याविषयी आम्हांला काही म्हणायचे आहे. निमित्त मात्र अगदी घरगुती आहे.

आम्ही दोघेही साहित्य शिकवतो. राहतो पुण्यात, म्हणजे समुद्र घाटाच्या खाली; आणि तरीही आमच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची एक तीन फुटी टाकी आहे. दीडशे लिटर पाणी, त्यात विकतचे समुद्री मीठ मोजून घातलेले, विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २६ अंश. पोवळी नाहीत; प्रवाळखडक रचणाऱ्या पोवळ्यांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये झाला आहे, आणि कायदा नसता तरी ती घाटावर आणून मारण्याचे पाप आम्हांला नको होते. दोन क्लाउनफिश आहेत, तेही बंदिस्त पैदाशीतले. आणि एक दगड आहे. रत्नागिरीजवळच्या एका गावी, ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या किनाऱ्यावरून, स्नेह्यांच्या मदतीने उचलून, ओल्या गोणपाटात गुंडाळून तो आम्ही रातोरात वर आणला. त्यावर बार्नॅकल होते, हिरवे शेवाळ होते आणि अकरा कालवे होती. कालवे म्हणजे पाटाचे नव्हेत. खडकाला चिकटून राहणारे, कोकणात बायका ओहोटीला फोडून काढतात ते शिंपले.

टाकी ठेवणाऱ्यांची एक परिभाषा असते. तिच्यात प्राण्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग शोभेच्या प्राण्यांचा. त्यांची किंमत मोजलेली असते आणि त्यांना नावेही ठेवलेली असतात. दुसरा वर्ग ‘सफाई पथका’चा, टर्बो, ट्रोकस, नेराइट या जातींच्या गोगलगायी यात मोडतात. त्या डझनावारी विकत घेतल्या जातात, काचेवरचे शेवाळ खातात आणि मेल्या की पुन्हा डझनावारी आणल्या जातात. तिसरा वर्ग उपद्रवी प्राण्यांचा; दगडाबरोबर न सांगता आलेले, पथकातल्या किंवा शोभेच्या प्राण्यांना खाणारे ते सारे यात येतात. त्यांना ‘फुकटे प्रवासी’ असेही म्हणतात, जणू तिकीट काढायचे त्यांनी नाकारले होते. हे वर्गीकरण प्राणिशास्त्राचे नाही, मालकाच्या सोयीचे आहे. आणि ज्या समाजाने सफाईचे काम माणसांच्या जन्माला चिकटवले, त्या समाजाच्या भाषेत ‘सफाई पथक’ हा शब्द निरागस राहू शकत नाही, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगायला नको. तरीही आम्ही तो बिनदिक्कत वापरीत होतो. वर्गात शब्दांची झडती घेणारी माणसे घरी किती सहज निःशंक होतात, याचे हे एक उदाहरण म्हणून नोंदवून ठेवतो.

तिसऱ्या आठवड्यात एक कालव मेले. शिंपला उघडा पडला होता, आत काहीच नव्हते, आणि वरच्या शकलाला एक छिद्र होते. जेमतेम एक मिलिमीटरचे, पण इतके गोल आणि इतके स्वच्छ, की ते कुणी अवजाराने पाडले असावे असे वाटले. अवजारच होते ते. शिकारी गोगलगायींच्या काही कुळांना शिंपले भोकसण्याची विद्या अवगत असते. म्युरेक्सच्या कुळातल्या गोगलगायीच्या पायाच्या तळाशी एक छोटे इंद्रिय असते. त्यातून आम्लयुक्त स्राव पाझरतो आणि शिंपल्याचा चुना मऊ पडतो. मग तोंडातली दातेरी जीभ तो मऊ थर खरवडून काढते. पुन्हा स्राव, पुन्हा खरवड. या कामाला तास लागतात, कधी एखाददुसरा दिवसही लागतो. छिद्र आरपार गेले की सोंड आत जाते आणि जेवण सुरू होते. वाळूत राहणाऱ्या ‘चंद्र-गोगलगायी’ही असेच भोक पाडतात, परंतु त्यांच्या छिद्राची कड बशीसारखी उतरती असते, म्युरेक्सकुळाचे छिद्र सरळ उभे जाते. थोडक्यात, छिद्र ही सही असते. ती वाचता येते.

ती आम्ही वाचली आणि येथवर बरोबर वाचली. छिद्र सरळ होते, म्हणजे संशयित म्युरेक्सच्या कुळातला. यानंतर आमचा तोल गेला.

टाकीतल्या शंखांची ओळख पटवण्याचा एक सोपा नियम सांगितला जातो. शंखाचे तोंड गोल आणि सलग असेल तर तो बहुधा शाकाहारी. तोंडाच्या खालच्या टोकाला खाच किंवा पन्हळ असेल तर तो बहुधा मांसाहारी. त्या पन्हळीतून एक नळी बाहेर येते, तिने गोगलगाय पाणी आत ओढते आणि भक्ष्याचा वास घेते. नियम निराधार नाही. आमच्या दगडाबरोबर मनोऱ्यासारखा एक उंच शंख आला होता, चारेक सेंटिमीटरचा. त्याच्या तोंडाशी खाच होती. शिवाय सलग दोन रात्री तो त्या मेलेल्या कालवावरच सापडला. खाच, जागा, वेळ, सगळे जुळले. आम्ही त्याला वाटीभर गोड्या पाण्यात टाकले. समुद्री गोगलगाय गोड्या पाण्यात लवकर मरत नाही. ती झाकण मिटून घेते आणि वाट पाहते. सकाळी झाकण उघडे होते.

योगायोग असा, की त्या रात्री आमच्या जेवणात तिसऱ्यांचे सुके होते. दोन डझन तिसऱ्या आम्ही दोघांनी मिळून संपवल्या होत्या. एका कालवाच्या खुनाचा खटला आम्ही चालवला तो ढेकर देत देत, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

पुढच्या आठवड्यात आणखी दोन कालवे मेली. दोन्हींना छिद्रे होती, तशीच, सरळ.

तेव्हा कुठे आम्ही त्या मेलेल्या शंखाची चित्रे नीट ताडून पाहिली. तो सेरिथ होता. सेरिथच्या तोंडाशी खाच असते हे खरे, पण तो शेवाळ आणि तळाचा गाळ खातो. तो त्या कालवावर सापडला, कारण रिकाम्या शिंपल्यावर शेवाळ धरले होते. स्ट्रॉम्बस नावाच्या मोठ्या शंखांचेही असेच. खाच आहे आणि आहार शाकाहारी. उलट नॅसॅरियसची नळी चांगली लांब असते, पण तो सहसा जिवंत भक्ष्य मारत नाही, मेलेले उकरून खातो. नियमात ‘बहुधा’ होते. तो एकच शब्द गाळून आम्ही वाचले, आणि एका निरपराध जिवाचा निकाल लागला.

खरा गुन्हेगार सापडायला चार रात्री लागल्या. विजेरीला लाल जिलेटिनचा कागद बांधून आम्ही दिवे मालवल्यावर टाकीपाशी बसत होतो. चौथ्या रात्री, दगडाचाच एक उंचवटा म्हणून जो आम्ही सोडून दिला होता, तो हलला. दोन सेंटिमीटरही नसेल. तपकिरी, खरबरीत, पाठीवर शेवाळाची लव. म्युरेक्सच्या कुळातली थाइस. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर बार्नॅकल आणि कालवे यांच्यामध्ये सर्रास आढळणारी. ती एका कालवावर चढली आणि बसून राहिली. सकाळी आम्ही कॉलेजला गेलो, संध्याकाळी परतलो, तरी ती तिथेच होती. तिच्या त्या तल्लीनतेचा आम्हांला हेवा वाटला, हे लपवत नाही. आम्ही इतका वेळ एका पानाशी अलीकडे कधी बसलो होतो?

येथपर्यंतची गोष्ट आम्ही मित्रमंडळींत सांगितली तेव्हा सर्वांनी तिचे एकच तात्पर्य काढले: पुराव्याशिवाय शिक्षा करू नये. तात्पर्य खोटे नाही, आणि आपल्या वाङ्मयाला ते अपरिचितही नाही. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्या कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवलेल्या माणसांची वसाहत विभावरी शिरूरकरांनी १९५० च्या ‘बळी’ या कादंबरीत आणली. गोगलगायीची माणसांशी तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. तुलना आहे ती पाहणाऱ्याच्या सवयीची. खूण पाहायची, वर्ग ठरवायचा, आणि वर्गावरून गुन्हा सिद्ध करायचा. सेरिथच्या बाबतीत आम्ही हेच केले.

पण हे तात्पर्य पुरेसे नाही. कारण गोष्ट तिथे संपली नाही.

थाइसला आम्ही चिमट्याने उचलून वेगळ्या डब्यात ठेवले. आता टाकीत शिकारी कुणी नव्हता. सात कालवे उरली होती. एक महिन्याच्या आत त्यांतली पाच मेली. छिद्र एकालाही नव्हते.

शिंपले उघडले तेव्हा आतले मांस पातळ, पाणचट, जवळजवळ पारदर्शक झाले होते. कालव पाणी गाळून जगते. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती हेच त्याचे अन्न. आमच्या टाकीतले पाणी काचेसारखे नितळ होते आणि त्याचा आम्हांला अभिमान होता. पाहुणे आले की आम्ही तो नितळपणा दाखवीत असू. त्यासाठी फेस काढून पाणी शुद्ध करणारे यंत्र रात्रंदिवस चालू असे, आठवड्याला गाळणीचा कापूस बदलला जात असे. आम्ही कालवांना उपाशी मारत होतो आणि त्याला स्वच्छता म्हणत होतो. थाइसने खाल्ली चार. आम्ही मारली पाच, शिवाय एक सेरिथ. फरक इतकाच, की तिने सही केली होती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मराठीत दोषैकदृष्टीच्या टीकेला ‘छिद्रान्वेषण’ असा एक नेमका शब्द आहे. समीक्षकाला तो शिवीसारखा लागतो, आणि तो चुकवण्यासाठी आपण मोठी कसरत करतो. आमचे म्हणणे असे, की छिद्र शोधण्यात दोष नाही. दोष आहे तो छिद्र सापडले की थांबण्यात. वर्गात आपण ‘खलनायकाचे स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न घालतो. विद्यार्थी खलनायक शोधतो, त्याची कृत्ये क्रमवार मांडतो, गुण मिळवतो. ज्या कादंबरीत माणसे मरतात पण कुणी मारत नाही, तिच्यापाशी हाच विद्यार्थी गोंधळतो आणि ‘नियती’ असा एक शब्द लिहून मोकळा होतो. दुष्काळ, कर्ज, घराची शिस्त, चांगल्या घराण्याचा लौकिक, यांना दातेरी जीभ नसते. त्यांनी मारलेल्या शिंपल्यावर भोक सापडत नाही. म्हणून ते निर्दोष सुटतात. दोष विद्यार्थ्याचा नाही. आपणच त्याला सही वाचायला शिकवले. कोरी जागा वाचायला शिकवले नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याच एका सहकाऱ्यांनी घेतलाही: ‘म्हणजे शिकाऱ्याला तुम्ही माफ करता. सगळा दोष व्यवस्थेचा म्हटले, की भोक पाडणारा मोकळा सुटतो.’ आक्षेप गंभीर आहे. निसर्गविज्ञानाचा दाखला देऊन त्यातून निसटणे सोपे आहे. जोसेफ कॉनेल याने स्कॉटलंडच्या कम्ब्री बेटावर खडकाचे तुकडे जाळीच्या पिंजऱ्यांनी झाकून थाइसला बाहेर ठेवले आणि आतल्या-बाहेरच्या बार्नॅकलांचे आयुष्य ताडून पाहिले. त्याचा निबंध १९६१ चा. रॉबर्ट पेन याने अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर एका पट्ट्यातून शिकारी तारामासे सतत काढून टाकले, तर शिंपल्यांनी जागा बळकावली आणि तिथल्या पंधरा जातींच्या आठ झाल्या; हा निबंध १९६६ चा. शिकारी नाहीसा झाला म्हणजे सर्वांचे भले होते असे नाही, हे पेनच्या कामातून तरी स्पष्ट झाले. परंतु हा युक्तिवाद आम्ही आमच्या थाइससाठी वापरणार नाही. दीडशे लिटरची टाकी म्हणजे किनारा नव्हे. तिथे लाट नाही, ओहोटी नाही, नव्या कालवांची पिल्ले पाण्याबरोबर येत नाहीत. अशा जागी शिकाऱ्याला मोकळे सोडणे म्हणजे समतोल नव्हे, निव्वळ आळस होय. म्हणून आम्ही तिला वेगळे केले, आणि ते योग्यच केले असे आजही मानतो. भोक पाडणाऱ्याला अडवावे. फक्त त्याला अडवले म्हणजे हिशेब मिटला असे समजू नये.

याच कुळाच्या गोगलगायींचा एक इतिहास येथे सांगण्याजोगा आहे. जहाजाच्या तळाला बार्नॅकल आणि शेवाळ चिकटू नये म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्रायब्युटिल टिन असलेले रंग जगभर वापरले गेले. हेतू एकच: तळ स्वच्छ राहावा. १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये प्लिमथच्या किनाऱ्यावर असे दिसून आले, की थाइसच्या जवळच्या नात्यातल्या तिथल्या गोगलगायींच्या माद्यांना नराचे इंद्रिय फुटते आहे. पुढे कारण उलगडले. रंगातून झिरपणारे ते रसायन. वाढ बळावली की मादीची अंडी बाहेर येण्याची वाट बंद होत असे, आणि बंदरांच्या आसपासच्या कित्येक वस्त्या नाहीशा झाल्या. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या उपसागरात त्याच रसायनाने कालवांची शेती बुडाली, आणि १९८२ मध्ये फ्रान्सने लहान बोटींसाठी त्यावर निर्बंध घातले. आंतरराष्ट्रीय करारानुसार जगभराची बंदी २००८ मध्ये अमलात आली. शिकारी आणि शिकार दोघेही एकाच स्वच्छतेने मेले. छिद्र कुठेच नव्हते.

आता थाइसचे काय केले ते सांगून संपवतो, कारण तो प्रश्न आम्हांला सर्वांत जास्त विचारला जातो. पहिला सल्ला आला तो तांब्याचे औषध टाकण्याचा. तांबे माशांचे परजीवी मारते हे खरे, पण त्याच्यापुढे एकही गोगलगाय, शिंपला वा खेकडा टिकत नाही. एका गुन्हेगारासाठी गाव जाळण्याचाच हा प्रकार. दुसरा सल्ला सहृदय होता: परत समुद्रात सोडा, जिथून आणली तिथेच. तो आम्ही फार काळ घोळवला आणि नाकारला. ती दुकानातल्या माशांच्या पाण्यात काही महिने राहिली होती. तिच्याबरोबर काय काय किनाऱ्यावर जाईल हे आम्हांला ठाऊक नाही, आणि आपले मन हलके करण्यासाठी किनाऱ्यावर प्रयोग करण्याचा अधिकार आम्हांला नाही. उचलून आणले तेव्हाच परतीचा रस्ता बंद झाला होता. दया दाखवायची वेळ ती होती.

म्हणून ती आमच्याकडेच आहे, दहा लिटरच्या डब्यात. दर आठ-दहा दिवसांनी मासळीबाजारातली एक जिवंत तिसरी तिला मिळते. उरलेल्या दोन कालवांसाठी आम्ही आता रात्री फेसाचे यंत्र बंद ठेवतो आणि पाण्यात हिरवे सूक्ष्म शेवाळ सोडतो. पाणी थोडे गढूळ दिसते. पाहुणे विचारतात, टाकी साफ करायची राहिली का? कालवे अजून जिवंत आहेत. इतकेच सांगू शकतो.

आमच्या लिहिण्याच्या टेबलावर दोन वाट्या आहेत. एकीत भोक असलेले शिंपले, दुसरीत बिनभोकाचे. सेरिथचा शंखही दुसरीतच ठेवला आहे. घरी येणारे विद्यार्थी हमखास पहिली वाटी उचलतात, भोकातून उजेडाकडे पाहतात आणि विचारतात, हे कुणी केले? आम्ही डब्याकडे बोट दाखवतो. दुसरी वाटी अजून कुणी उचललेली नाही. यंदा ती वर्गात घेऊन जाण्याचा विचार आहे.